बर्फाने चोळण्याचा शिरस्ता

१८०७ च्या फेब्रुवारीत पूर्व प्रशियातील आयलाऊ येथे नेपोलियनचे लष्कर रशियनांशी झुंजले, त्याआधीचे तीन-चार दिवस पारा रेओम्युरच्या मापाने शून्याखाली दहा ते पंधरा अंश उतरला होता. तथापि त्या कडाक्यात हातपाय गोठल्याची तक्रार एकाही सैनिकाने केली नाही, आणि लढाईनंतर हवा एकाएकी सौम्य होऊन बर्फ वितळू लागले तेव्हाच पायांत कळा उठल्या, बोटे सुजून काळी पडली, असे शल्यवैद्य दोमिनिक लारे यांनी नमूद करून ठेवले आहे. यावरून त्यांनी अनुमान बांधले, की अपराधी थंडी नसून अकस्मात लाभणारी ऊब होय. सबब गोठलेला अवयव अग्नीपासून दूर ठेवून बर्फानेच चोळावा.

१८१२ च्या मॉस्कोहून झालेल्या पीछेहाटीत या मताला जणू पुरावाच मिळाला. शेकोटीवर धरलेले बधिर पाय भाजले तरी सैनिकाला उमगत नसे, आणि पहाटे कूच होताच तेच पाय पुन्हा गोठत. निरीक्षण निर्दोष होते. परंतु घात उबेने नव्हे, तर बेसुमार आगीने आणि वितळून पुन्हा गोठण्याने होत होता, आणि चोळण्याने तर आतील हिमकणांनी आधीच दुखावलेले मांस अधिकच चिरडे. थोरांच्या चुका त्यांच्या सत्यांइतक्याच दीर्घायुषी असतात! १९५० साली अन्नपूर्णा शिखराहून उतरलेल्या एर्झोग आणि लाशनाल या गिर्यारोहकांच्या पांढऱ्या, निर्जीव पडलेल्या पायांवर सोबत्यांनी रक्त खेळावे म्हणून दोराचे फटकारे मारले. पुढे परतीच्या वाटेवरच मोहिमेचे डॉक्टर उदो यांना त्यांची बोटे कापावी लागली.

वास्तविक गोठलेला अवयव वितळवण्यासाठी सोव्हिएत वैद्यांनी १९३० नंतरच्या दशकातच ऊन पाण्याचा पुरस्कार केला होता. अलास्कातील डॉक्टर विल्यम मिल्स यांनी १९६०-६१ मध्ये त्यास शास्त्रीय मान्यता मिळवून दिली. सुमारे ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अवयव मऊ व लालसर होईतो बुडवावा. पुन्हा गोठण्याचे भय असल्यास मात्र वितळवूच नये, कारण गोठल्या पायांनी मुक्कामापर्यंत चालणे त्यापेक्षा बरे. खरा इशारा वेदनेचा नव्हे, ती थांबण्याचा: कातडी मेणासारखी फिकट होऊन स्पर्श कळेनासा झाला, की ओले मोजे व आवळलेले बूट तत्काळ उतरवावेत.

गोळीने चिंधड्या झालेला अवयव विनाविलंब छाटावा, या मताबद्दल लारे ख्यातनाम होते. हिमदंशात मात्र, दूषित पू पसरत नसल्यास, आजचा शल्यवैद्य मृत व जिवंत मांसाची सीमा आपोआप स्पष्ट होईपर्यंत कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही, शस्त्र उचलीत नाही.