दोघांसाठी एक बेट

मालदीवमधील सुट्टी म्हटले की एका बेटावर एकच रिसॉर्ट, हे चित्र आज ठरून गेले आहे. लग्नाचा पहिला, दहावा किंवा पंचविसावा वाढदिवस साजरा करायला निघालेले जोडपे राजधानी मालेच्या विमानतळावरून स्पीडबोटीने किंवा सीप्लेनने थेट रिसॉर्टच्या बेटावर उतरते आणि चार-पाच दिवसांनी त्याच वाटेने परतते. मालदीवची माणसे राहतात ती गावे, तिथल्या मशिदी, शाळा, मासे उतरवण्याचे धक्के यांतले काहीच वाटेत लागत नाही. या एकांतामागे निसर्गाचा वाटा आहेच. पण त्याहून मोठा वाटा आहे १९७२ नंतर सरकारने आखलेल्या धोरणाचा. पाहुण्यांची बेटे वेगळी आणि रहिवाशांची वेगळी, असे ते धोरण होते.

हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किलोमीटर पसरलेल्या या देशात जवळपास १,२०० बेटे आहेत. ती प्रवाळाची असून कंकणाकार रांगांमध्ये वसलेली आहेत. सगळी जमीन एकत्र केली तरी ती ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही बरीच कमी. वस्ती आहे ती २०० हून कमी बेटांवर. बाकीची ओसाड बेटे माडांसाठी, सरपणासाठी आणि वादळात होड्यांच्या आसऱ्यासाठी वापरली जात. पुढे पर्यटनाच्या कामी आली ती हीच बेटे.

त्याआधी कित्येक शतके मालदीव बाहेरच्या जगाला ठाऊक होते ते तीन मालांमुळे: कवड्या, काथ्या आणि सुकवलेला मासा. मालदीवच्या कवड्या जहाजे भरभरून बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. भारतात कवडी चलन म्हणून चालली ती मुख्यतः या बेटांच्या जिवावर. तुळजाभवानीच्या भुत्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळही समुद्रमार्गे चालणाऱ्या याच जुन्या व्यापाराची खूण आहे. १६०२ मध्ये फ्रेंच खलाशी फ्रांस्वा पिरार याचे जहाज या बेटांभोवतीच्या खडकांवर फुटले आणि त्याला १६०७ पर्यंत इथे अडकून राहावे लागले. त्या काळातील मालदीवचे सर्वांत तपशीलवार वर्णन त्यानेच लिहून ठेवले आहे.

बाहेरून येणाऱ्यांसाठी ही बेटे तेव्हा जोडप्याने यायची जागा नव्हती. उलट येणारे खलाशी इथे येऊन लग्न करत. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३ मध्ये इथे पोहोचला आणि त्याला काझीचे पद मिळाले. त्याने नोंदवले आहे की, वधूला द्यायची मेहेर थोडी असल्यामुळे लग्न सहज जमते. गलबतांवरचे लोक मुक्कामापुरते लग्न करतात आणि निघताना तलाक देतात, कारण बायका बेट सोडून जात नाहीत. त्याने स्वतःही इथे अनेक लग्ने केली. बाराव्या शतकात इस्लाम स्वीकारलेल्या या समाजात विवाहाचा धागा असा सैल होता, आणि तो पुढेही तसाच राहिला. आधुनिक काळातही मालदीवमधील घटस्फोटांचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांमध्ये गणले गेले आहे. जगभरातली जोडपी जिथे आपल्या संसाराची वर्षे मोजायला येतात, त्या देशातल्या कौटुंबिक जीवनाची ही बाजू पर्यटकाला सहसा कळत नाही.

पर्यटन सुरू झाले ते गरजेपोटी. १८८७ पासून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असलेले मालदीव २६ जुलै १९६५ रोजी स्वतंत्र झाले तेव्हा देशाची कमाई जवळजवळ एकाच गोष्टीवर उभी होती. कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावून, वाळवून तो श्रीलंकेला विकणे, ही ती गोष्ट. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला श्रीलंकेकडेच परकीय चलनाचा तुटवडा पडला आणि तिने ही आयात आवळली. दुसरा आधार दक्षिणेकडील गान बेटावरच्या ब्रिटिश हवाई तळाचा होता. तो तळही १९७६ मध्ये बंद झाला. साठीच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पाहणी करून इथे पर्यटन चालणार नाही, असा निष्कर्ष काढला होता. तो अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. देशात बँक नव्हती, नियमित विमानसेवा नव्हती, बाहेर टेलिफोन करायची सोय नव्हती, आणि भाजीपालासुद्धा बाहेरून आणावा लागे.

तरीही सुरुवात झाली, आणि ती झाली एका भेटीतून. जॉर्ज कॉर्बिन हा इटालियन पर्यटन व्यावसायिक १९७१ मध्ये आपल्या गिऱ्हाइकांसाठी पर्यटकांची वर्दळ नसलेल्या बेटांच्या शोधात कोलंबोला आला होता. मालदीवच्या तिथल्या दूतावासात काम करणारा तरुण अहमद नसीम त्याला भेटला आणि मालेला घेऊन गेला. स्वच्छ पाणी आणि प्रवाळांभोवतीचे मासे पाहून कॉर्बिनने परत येण्याचे ठरवले. फेब्रुवारी १९७२ मध्ये तो इटालियन पाहुण्यांचा पहिला गट घेऊन आला. हॉटेल नव्हतेच, म्हणून पाहुण्यांना मालेतल्या घरांमध्ये उतरवण्यात आले. नसीम, मोहम्मद उमर मानिकू आणि हुसैन अफीफ या तरुणांनी त्यांच्या जेवणाखाण्याची आणि फिरण्याची व्यवस्था पाहिली. या तिघांना हॉटेल चालवण्याचा काहीही अनुभव नव्हता. देशाच्या इतिहासातले हे एक धाडसी पान आहे आणि ते सरकारने नव्हे, या तरुणांनी लिहिले.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मालेजवळच्या विहामानाफुशी या माडांच्या बेटावर 'कुरुम्बा' हे पहिले रिसॉर्ट उघडले. मालदीवच्या दिवेही भाषेत कुरुम्बा म्हणजे शहाळे. खोल्या तीस. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छप्पर माडाच्या झावळ्यांचे, न्हाणीला विहिरीचे मचूळ पाणी. मालेशी संपर्क ठेवायचा तो बिनतारी संदेशाने. पाहुण्यांना विमानतळावरून 'धोनी' या पारंपरिक होडीने आणले जाई. हुलुले बेटावरची धावपट्टी १९६० मध्ये तयार झाली होती खरी, पण मोठी विमाने उतरू शकणारा आंतरराष्ट्रीय विमानतळ व्हायला १९८१ उजाडले. 'कुरुम्बा'पाठोपाठ १९७२ मध्येच 'बंडोस' बेटही पाहुण्यांसाठी खुले झाले. त्या पहिल्या वर्षी देशात आलेल्या पर्यटकांची संख्या हजाराच्या आसपास होती. १९७४ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियाने मालेत शाखा उघडली आणि सुरुवातीच्या अनेक रिसॉर्टांना तिच्या कर्जाचा आधार मिळाला. मालदीवच्या पर्यटनातला भारताचा हा पहिला ठोस वाटा.

सुरुवातीचे पाहुणे जोडपी कमी आणि पाणबुडे जास्त होते. ऑक्सिजनच्या नव्हे, दाबाखालच्या हवेच्या टाक्या पाठीला लावून प्रवाळभित्तींवर उतरणारे इटालियन आणि जर्मन शौकीन इथली गैरसोय आनंदाने सोसत. मधुचंद्राचे आणि लग्नाच्या वाढदिवसाचे ठिकाण ही ख्याती पुढे आली, आणि तिची पायाभरणी नियमांनी केली. १९७९ मध्ये पर्यटनाचा कायदा झाला, १९८३ मध्ये पहिला बृहत् आराखडा आला. ओसाड बेट सरकारकडून भाडेपट्ट्याने घ्यायचे, त्यावर एकच रिसॉर्ट उभारायचे, वीज, पाणी, सांडपाणी, बंदर सगळे आपले आपण करायचे, अशी पद्धत रूढ झाली. बेटाच्या ठरावीक भागावरच बांधकाम करता येई. इमारत माडांच्या शेंड्यांवर जाता कामा नये आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक खोलीपुढे स्वतःचा वाळूचा पट्टा असावा, असेही दंडक आले. म्हणजे शेजारच्या खोलीतले जोडपे सहसा दिसू नये, ही गोष्ट आधी नियमपुस्तिकेत आली आणि जाहिरातीत नंतर.

पाण्यावरचे घर, म्हणजे आजचा 'वॉटर व्हिला', मूळचा मालदीवचा नाही. प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियात राहणाऱ्या तीन अमेरिकनांनी १९६७ मध्ये रायातेआ बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभित्तीआडच्या उथळ पाण्यात, खांबांवर पहिल्या अशा खोल्या बांधल्या. त्यांच्या हॉटेलला वाळूचा चांगला किनारा नव्हता, ही त्यामागची अडचण. मालदीवने ही कल्पना उचलली आणि तिचे प्रमाण कितीतरी वाढवले. कारण सरळ होते. बेट लहान, बांधकामाला मर्यादा, किनारा मोजका. पण लगून मोठे. खोल्या पाण्यावर सरकवल्या की जमीन मोकळी राहते आणि खाटाही वाढतात. नव्वदीच्या दशकात सीप्लेन सुरू झाल्यावर दूरच्या कंकणांमधली बेटेही आवाक्यात आली. ही विमाने दिवसाउजेडीच उडतात, त्यामुळे संध्याकाळी मालेला उतरणाऱ्याला अजूनही कित्येकदा पहिली रात्र विमानतळाजवळ काढावी लागते.

लग्नाच्या वाढदिवसाशी थेट जोडलेली रीत म्हणजे शपथांच्या नूतनीकरणाचा समारंभ. मालदीव हे इस्लामी राष्ट्र. बिगरमुस्लिम परदेशी जोडप्याच्या विवाहाला तिथल्या कायद्यात दीर्घकाळ जागा नव्हती. म्हणून रिसॉर्टांनी कायदेशीर अर्थ नसलेला, केवळ प्रतीकात्मक समारंभ विकायला सुरुवात केली. वाळूवर झावळ्यांची कमान, 'बोडुबेरू' ढोलांचा ताल, दिवेही भाषेतले चार शब्द, एक प्रमाणपत्र आणि जोडप्याच्या हाताने लावलेले माडाचे रोप, असा त्याचा साधारण साचा. २०१० मध्ये अशाच एका समारंभात पौरोहित्य करणाऱ्या कर्मचाऱ्याने एका युरोपीय जोडप्याला दिवेही भाषेत अर्वाच्य शिव्या दिल्या. ते पवित्र मंत्र आहेत, असे समजून जोडपे ऐकत होते. चित्रफीत इंटरनेटवर पसरली, देशभर लाज वाटली आणि सरकारला जाहीर माफी मागावी लागली. त्या कर्मचाऱ्याचे वागणे अक्षम्य होतेच. पण पाहुण्याला यजमानाच्या भाषेचा एक शब्दही कळू नये अशी जी व्यवस्था जवळपास चाळीस वर्षे सांभाळली गेली, तिच्यातूनच अशा फसवणुकीला वाव मिळाला, हेही तितकेच खरे आहे.

या व्यवस्थेची किंमत रहिवाशांनी मोजली. मालदीवच्या नागरिकाला दारू निषिद्ध, रिसॉर्टच्या बेटावर मात्र ती खुलेआम मिळते. वेगळेपणामागचे एक कारण हेच होते की, पाहुण्यांच्या चालीरीती गावात शिरू नयेत. ऐंशीच्या दशकात गावांच्या बेटांवर परदेशी पाहुण्यांना मुक्काम करू देण्यावर बंधने आली आणि तिथल्या लहान खानावळवजा मुक्कामांचा उद्योग थांबला. पैसा रिसॉर्ट मालकांकडे आणि सरकारच्या भाडेपट्ट्यांतून मालेकडे गेला. रिसॉर्टवर काम करणारा तरुण महिनोन्महिने घरापासून दूर, बेटाच्या मागल्या बाजूच्या चाळवजा खोल्यांमध्ये राहतो. स्त्रियांनी घरापासून असे दूर राहणे समाजाला रुचत नसल्यामुळे स्थानिक स्त्रिया या कामात फारच थोड्या आहेत. त्यांच्या जागा बांगलादेश, श्रीलंका, भारत आणि फिलिपिन्समधल्या कामगारांनी भरल्या.

समुद्रानेही आपला हिशेब मांडला. १९९८ मध्ये पाणी तापून उथळ भागातले बहुतेक प्रवाळ पांढरे पडले आणि मेले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत शंभराच्या आसपास माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली, आणि त्या वेळच्या ८७ रिसॉर्टांपैकी सुमारे २० बंद ठेवावी लागली. मालेजवळच्या थिलाफुशी या लगूनमध्ये १९९० च्या दशकापासून कचऱ्याची भर घालून नवे बेट तयार झाले. रिसॉर्टांचा कचराही तिथेच जातो. २०१५ पासून पाहुण्यांवर हरित कर बसला. सरासरी दीड मीटर उंचीच्या देशाला समुद्रपातळी वाढण्याचे जे भय आहे, त्यापुढे हा कर थोडाच आहे.

२००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्या सरकारने गावांच्या बेटांवर गेस्टहाउस चालवायला परवानगी दिली. हा निर्णय उशिरा झाला, पण योग्य झाला. काफू कंकणातल्या माफुशी गावात २०१० पासून गेस्टहाउस उघडू लागली. दारू तिथे नाही, पोहण्याच्या कपड्यांत वावरायला किनाऱ्याचा आडोसा केलेला वेगळा भाग आहे, आणि खर्च रिसॉर्टच्या कितीतरी कमी. मुंबई, पुणे, नाशिकच्या मध्यमवर्गीय जोडप्याला मालदीव परवडू लागले त्याला ही गेस्टहाउस आणि मुंबईहून थेट मालेला जाणारी विमाने ही दोन कारणे आहेत. करोनाच्या साथीत मार्च ते जुलै २०२० या काळात देश पर्यटकांना बंद होता. उघडल्यावर 'एक बेट, एक रिसॉर्ट' ही जुनी पद्धतच विलगीकरणाला उपयोगी पडली. इतर देशांची दारे बंद असल्याने भारतीय पर्यटक तिकडे वळले आणि २०२३ पर्यंत संख्येत पहिले राहिले. त्या एका वर्षात ते दोन लाखांहून अधिक होते. जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अपमानकारक मजकूर लिहिला, त्यांना निलंबित करण्यात आले, आणि भारतातल्या बहिष्काराच्या हाकेने त्या वर्षी भारतीयांची संख्या झपाट्याने घसरली.

आज मालदीवमध्ये वर्षाला २० लाखांवर पर्यटक येतात. गेस्टहाउसांची संख्या रिसॉर्टांच्या कित्येक पट झाली आहे. खाटांचा मोठा भाग मात्र अजूनही रिसॉर्टांकडेच आहे.