प्रत पुरी आहे हे कशावरून?

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे कापड. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर ‘पंचीकरण’ हे ओवीबद्ध प्रकरण लिहिले. चार शतके ते टिकले, याचे श्रेय शाईइतकेच जपणाऱ्या माणसांनाही आहे. पण कापड एकच. त्याला कसर लागली किंवा आग लागली, तर मजकूर परत आणायचा तो दुसऱ्या प्रतीवरूनच. आणि ती दुसरी प्रत पुरी आहे, हे कशावरून ओळखायचे? आज शाळेच्या संगणकातील किंवा मोबाइलमधील छायाचित्रांबाबत नेमका हाच प्रश्न आहे.

जुन्या लेखनिकांनी त्यावर एक साधा उपाय योजला होता. पुष्कळ पोथ्यांच्या शेवटी ओव्यांची संख्या दिलेली असते. संस्कृत पोथ्यांत ३२ अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून एकूण ग्रंथसंख्या लिहीत. नकल करताना पान गळले, तर हिशेब जुळत नसे. अर्थात ओवीतला एखादा शब्द बदलला, तर मात्र या मोजणीला त्याचा पत्ता लागत नसे.

असा पडताळाच हाताशी नसला तर काय होते, हे ‘लीळाचरित्रा’च्या इतिहासात दिसते. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात माणसामाणसांकडे जाऊन गोळा केल्या. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि शिष्यांनी ती पाठांतरातून पुन्हा उभी केली. स्मरणशक्तीने केलेला हा पुनरुद्धार थक्क करणारा आहे. पण वेगवेगळ्या शिष्यांच्या आठवणींतून वेगवेगळे पाठ तयार झाले, आणि मूळ पाठ कोणता हे ठरवायला मूळ पोथीच उरली नव्हती.

कॅमेऱ्याने चित्र साठवण्याची सोय झाली, तरी ही अडचण सुटली नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. त्याची अखेरची प्रत एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात नेताना जळाली असावी आणि म्हणून फाळक्यांनी १९१७ साली तो चित्रपट पुन्हा चित्रित केला, असे काही चित्रपट-इतिहासकार मानतात. पहिले आणि चौथे अशी दोन रिळे आज उपलब्ध आहेत; ती १९१३ची की १९१७ची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या काळच्या फिल्मचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा असे. हा पदार्थ जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवतो, त्यामुळे पाण्याखालीसुद्धा तो जळत राहतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा फिल्मच्या साठ्याला आग लागून हजारो रिळे नष्ट झाली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवल्या होत्या, तेवढे वाचले.

डिजिटल छायाचित्राची गोष्ट एका बाबतीत निराळी आहे. ते ० आणि १ या अंकांची लांबलचक ओळ असते. फिल्मची प्रत काढली की थोडा तपशील हरवतो. अंकांची प्रत मात्र अगदी मुळासारखी निघू शकते. पण बिघाडही मुकाट्याने होतो. कापडाला पडलेले भोक दिसते; हार्ड डिस्कवरचा एक अंक उलटला तर फाइलचे नाव तेच, आकार तोच. चित्र उघडून पाहीपर्यंत पत्ता लागत नाही.

येथे लेखनिकांचा उपाय सुधारून वापरतात. फळ्यावर ७, ४, ९, २ हे अंक लिहा. बेरीज २२. कोणी ७ आणि ४ यांची अदलाबदल केली तरी बेरीज २२च, म्हणजे चूक निसटली. आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणा: ७×१ + ४×२ + ९×३ + २×४ = ५०. अदलाबदलीनंतर हीच बेरीज ५३ येते. चूक पकडली! ‘एसएचए-२५६’ ही पद्धत असेच काम फार गुंतागुंतीच्या गणिताने करते. कितीही मोठ्या फाइलसाठी ती २५६ बिटांची एक खूण देते, आणि फाइलमधील एक बिट बदलला तरी सगळी खूण पालटते. प्रत काढताना ही खूण नोंदवून ठेवली, तर परत आणलेले चित्र तेच आहे की नाही, हे मिनिटभरात कळते.

पण परत आणून पाहतो कोण? पिक्सार कंपनीत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट घेतलाच जात नव्हता, हे त्याच दिवशी समजले. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीमुळे चित्रपट वाचला.

‘लूनर ऑर्बिटर’ यानांची कथा याच्या उलट. १९६६-६७ मध्ये त्यांनी चंद्राची छायाचित्रे घेतली, ती चुंबकीय फितींवर साठवली गेली. फिती टिकल्या, त्या वाचणारी यंत्रे मात्र कालबाह्य झाली. नासाच्या नॅन्सी इव्हान्स यांनी फिती जपल्या आणि यंत्रेही मिळवून सांभाळली, म्हणून २००८ मध्ये एका बंद पडलेल्या हॅम्बर्गरच्या दुकानात ती दुरुस्त करून चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे १९६६चे चित्र पुन्हा मिळवता आले.

आता शाळेकडे वळू. बीड जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. अशा घरातल्या एखाद्या मुलीचे लहानपणीचे एकमेव छायाचित्र शाळेच्या स्नेहसंमेलनातले असू शकते. ते व्हॉट्सॲप गटावर टाकले म्हणजे जपले, असे नव्हे. तेथे चित्र एरवी लहान होऊन जाते आणि कधी काढले ही नोंदही गळते. मोबाइलशी जुळवलेल्या ऑनलाइन साठ्यातही, एकीकडे पुसलेले चित्र बहुधा दुसरीकडेही पुसले जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम शाळेला परवडण्याजोगा आहे: एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक शाळेबाहेर किंवा ऑनलाइन. आणि जूनमध्ये शाळा उघडली की नववीच्या मुलांनी त्या डिस्कवरची वीस छायाचित्रे दुसऱ्याच संगणकावर उतरवून, नोंदवलेल्या खुणांशी ताडून पाहावीत. एका तासिकेत होणारे काम आहे.