तीन कुलपांची रिकामी पेटी

१९४६ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात अमेरिकेहून आलेली खोकी उतरली. महायुद्ध संपून वर्ष झालं होतं आणि युरोपात अन्नाची टंचाई होती. डबाबंद मांस, साखर, कॉफी असे जिन्नस भरलेलं एक खोकं दहा डॉलर भरून कुणाही अमेरिकन माणसाला पाठवता येई. पाठवणारी संस्था होती ‘केअर’. दानाचं याहून सरळ रूप कुठलं? एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही; भरा आणि पाठवा.

याच संस्थेने १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशात एक काम सुरू केलं. त्याच्या मध्यभागीही पेटीच आहे, पण ती रिकामी.

नायजर हा सहाराच्या काठावरचा, बहुसंख्य मुस्लिम वस्तीचा देश. १९६० मध्ये फ्रेंचांपासून स्वतंत्र झाला. त्याच्या दक्षिणेला मराडी हा भुईमुगाचा मुलूख. १९७० च्या आसपासच्या दुष्काळांनी ही शेती पार झोपवली. पेरणी-कापणी आटोपली की पुरुष कामाच्या शोधात नायजेरियाकडे जात, घर बायकांवर. शेंगदाण्याचं तेल काढायचं, पेंडीच्या वड्या तळून विकायच्या, एखादा मेंढा पोसून बकरी ईदच्या बाजारात न्यायचा, हे त्यांचे धंदे. हुन्नर हातात होतं. घोडं अडायचं ते पोतंभर शेंगा घ्यायच्या पैशांपाशी.

या बायकांकडे बचतीची एक जुनी रीत होती. हाउसा भाषेत तिला ‘अदाशी’ म्हणतात. म्हणजे आपली भिशीच. आमच्या मोहल्ल्यात अम्मी भिशी चालवायची, त्यामुळे तिचं दुखणं मला ठाऊक आहे. ज्या महिन्यात घरात आजारपण, त्या महिन्यात नंबर दुसरीचा. आणि आपला नंबर लागतो तेव्हा पैसे उगाच खर्च होऊन जातात. केअरच्या लोकांनी, त्यात नॉर्वेच्या मोइरा एक्नेस यांचं नाव आवर्जून घेतलं जातं, अदाशी मोडली नाही. तिच्यात एक बदल सुचवला. जमलेली रक्कम पाळीपाळीने उचलायची नाही. ती पेटीत ठेवायची, जिला गरज तिला कर्जाऊ द्यायची, तिने ती थोडी वाढवून परत करायची आणि वर्षाअखेरीस सगळी रक्कम ज्याच्या-त्याच्या बचतीच्या प्रमाणात वाटून टाकायची. बाहेरचा पैसा एकही नाही. संस्थेने द्यायचं ते फक्त शिक्षण.

आपल्याकडे त्याच सुमारास, १९९२ मध्ये, नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. मराडीच्या खेड्यांत जोडायला जवळपास बँकच नव्हती. म्हणून पेटी. पेटीला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या तीन निरनिराळ्या बायकांच्या घरी. बैठकीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिन्ही लागल्या तरच ती उघडते. बहुतेकींना अक्षर येत नव्हतं, तेव्हा हिशेबही तोंडी: पेटीत किती उरले ते मोठ्याने सांगायचं, सगळ्यांनी लक्षात ठेवायचं, पुढच्या बैठकीला पेटी उघडण्याआधी पुन्हा म्हणायचं. मी चाळीस वर्षं कविता लिहितो. माझी एक ओळ तरी वीस-पंचवीस बायकांना अशी पाठ असती तर!

या गटांना नाव मिळालं ‘माता मासू दुबारा’. ‘माता’ म्हणजे बायका, ‘दुबारा’ म्हणजे युक्ती; युक्तीबाज बायका. तो ‘दुबारा’ ऐकला की मला आपली ‘तदबीर’ आठवते.

व्याजाचं काय, असं आमच्या एका मौलानांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि मी फतवा देणारा नव्हे. एवढंच दिसतं, की इथे व्याज देणारीच शेवटी ते घेणारीही असते. गावात सावकार आहेच, त्याच्याकडे गेलेला पैसा मात्र असा परत येत नाही.

पेटीने सगळं केलं असंही नाही. २००५ मध्ये नायजरमध्ये धान्य महागलं तेव्हा कुपोषित लेकरांनी मराडीची उपचार केंद्रं भरून गेली. तिथे भरलेली खोकीच लागली. पुढे ही पद्धत झिम्बाब्वे, टांझानिया, युगांडापर्यंत गेली आणि लिहिता येणाऱ्यांच्या हाती पासबुकं आली. घाना, मलावी आणि युगांडा या देशांतला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बचत वाढली, धंदे सुधारले, घरात बाईच्या शब्दाला वजन आलं, असं त्यात आढळलं. पण कुटुंबाच्या सरासरी खर्चात फरक दिसला नाही. म्हणजे घर एकदम सुखवस्तू झालं नाही. दानशूर मंडळींना हा निकाल फिका वाटेल. मला वाटत नाही, कारण अम्मीच्या भिशीनेही आम्ही श्रीमंत झालो नव्हतो. फक्त जूनमध्ये वह्या वेळेवर आल्या.

साधारण वर्षभर शिकवून संस्थेचा माणूस गावातून निघून जातो. वाटपाच्या दिवशी बायका रिंगण करून बसतात, तीन किल्ल्या पुढे येतात, पैसे मोजून ज्याचे त्याच्या पदरात पडतात. पेटी पुन्हा रिकामी. मग त्यातलीच एखादी विचारते, पुढल्या आठवड्यापासून वर्गणी तेवढीच ठेवायची, की थोडी वाढवायची?