युनिक्स प्रणालीतील विशेषाधिकार व उत्तरदायित्व : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात भांडाराची किल्ली कोणाकडे आणि तिच्या वापराची नोंद कोठे, हा प्रश्न परिचित आहे. युनिक्स संगणकप्रणालीच्या इतिहासातही हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या या प्रणालीत ‘रूट’ वापरकर्त्याकडे सर्वाधिकार असत. अनेक व्यवस्थापक त्याचा एकच परवलीचा शब्द वापरू लागले, की चूक कोणाची हे ठरविणे अवघड होई. १९८० च्या सुमारास बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील केंद्रात ‘सुडो’ ही आज्ञा तयार केली. पुढे तिच्याद्वारे ठरावीक व्यक्तीस ठरावीक आज्ञेपुरताच अधिकार देणे व वापराची नावासह नोंद ठेवणे शक्य झाले.

मात्र सुडो स्वतः रूटच्या अधिकाराने चालते. २०११ मध्ये तिच्यात शिरलेल्या दोषामुळे अधिकारयादीत नसलेल्या स्थानिक वापरकर्त्यासही रूट होता येत होते. पुण्यात मोठे केंद्र असलेल्या क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी तो जानेवारी २०२१ मध्ये उघड केला. तात्पर्य, कारखान्यातील सर्व्हर असो वा महाविद्यालयातील, अधिकारांच्या यादीइतकीच ती यादी राबविणाऱ्या साधनाची तपासणीही आवश्यक ठरते.