सातमाशी बाळाची दृष्टी

पूर्वी आपल्या कृष्णा-कोयनाकाठच्या घरांतून सातमाशी मूल जगले, तर ती देवाचीच कृपा मानीत. कापसात गुंडाळावे, शेगडीची ऊब द्यावी, यापलीकडे उपाय नव्हता. पुढे रुग्णालयांत काचेची पेटी व प्राणवायू आला आणि अशी मुले जगू लागली. परंतु त्यांतील काहींची दृष्टी गेली. असे का झाले, हा इतिहास प्रत्येक गृहिणीने जाणून घ्यावा असा आहे.

१९४२ साली अमेरिकेतील बोस्टनचे डॉ. थिओडोर टेरी यांनी अशा मुलांच्या डोळ्यांत भिंगामागे आढळणाऱ्या पांढुरक्या पडद्याची नोंद केली. त्या सुमारास दहा-बारा वर्षांत जगभर सुमारे दहा हजार मुले अंध झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी निरनिराळ्या रुग्णालयांतील मुलांची तुलना केली. जेथे प्राणवायू सढळ हाताने देत, तेथेच अंधत्व अधिक होते. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांत पद्धतशीर चाचणी झाली व त्यांचे म्हणणे खरे ठरले. जीव वाचविणारा उपायच डोळ्यांवर उठला होता! मग प्राणवायू फार आखडला, तेव्हा मुले दगावू लागली. म्हणून आता तो मोजूनमापून देतात.

बाळाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ नवव्या महिन्यापर्यंत चालते. अवेळी जन्मामुळे ती खुंटते. पुढे वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात व पटल ओढून सुटे करतात. डोळा मात्र वरून निर्मळ दिसतो. आईला वा आजीला काही कळत नाही, आणि कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आपल्याकडे ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा नियम आहे. फारच लहान बाळाचे दोन-तीन आठवड्यांतच. वेळीच लेसर उपचार झाला, तर बहुतेकांची दृष्टी वाचते. २०१३ साली आपल्या राज्यातील पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या रोगाचा समावेश आहे.

तेव्हा भगिनींनो, ग्रहण पाळले नाही, पथ्य चुकले, असा बोल बाळंतिणीला लावू नये. शेजारी असे बाळ घरी आले, तर बारशाच्या तयारीआधी एवढेच विचारावे : डोळे तपासले का, आणि पुढची तारीख कोणती?