ओझे उचलू नये, विहिरीत डोकावू नये : पण कोणत्या गर्भिणीने?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीशेजारच्या मंगल कार्यालयात गर्भसंस्काराचा वर्ग भरला होता. त्याचे गुळगुळीत कागदाचे पत्रक घेऊन वस्तीतली एक ताई आमच्याकडे आली. चार घरची धुणीभांडी करणारी. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळे संपले. पत्रकात गर्भपात कशाने होतो याची यादी होती. तिने ती आम्हाला दाखवली आणि विचारले, "दादा, यातलं सगळंच मी केलंय. म्हणजे माझ्यामुळेच गेलं का?" सासू तेच म्हणत होती, आता छापील कागदही तेच म्हणत होता.

या प्रश्नाला घाईने उत्तर देणे आम्हाला बरे वाटले नाही. 'प्राचीन गर्भविज्ञान' म्हणून जे विकले जाते ते मुळात काय आहे, हे पाहायचे ठरवले. चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांची शारीरस्थाने मराठी भाषांतरासह वाचली. आपल्या चळवळीतल्या काही मित्रांना हा उद्योग फुकटचा वाटेल. पण न वाचता शिव्या देणे आणि न वाचता आरती करणे, दोन्ही सारखेच.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. चरकसंहितेत गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे. असे भांडे नेताना जपतात तसे तिला जपावे. पहिल्या महिन्यात थंड दूध, दुसऱ्यात मधुर औषधींचे दूध, तिसऱ्यात मध आणि तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधाबरोबर लोणी, पाचव्यात दुधातून काढलेले तूप, सहाव्या-सातव्यात औषधी तूप, आठव्यात दुधातली तूप घातलेली पेज, नवव्यात तेलाचा बस्ती. सुश्रुताने गर्भ टिकावा म्हणून महिन्यागणिक वेगवेगळ्या काढ्यांचे योग दिले आहेत. चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यात पडतो तो गर्भपात, असा भेदही त्याने केला आहे. कीड, वारा किंवा आघात यांनी झाडाचे फळ जसे अवेळी गळते तसा गर्भ गळतो, असे तो म्हणतो. रक्त दिसू लागले तर मऊ, थंड अंथरुणावर डोके किंचित खाली ठेवून निजवावे, थंड तुपाचे बोळे वापरावेत, असे चरकाने सांगितले आहे. आणि त्याच ठिकाणी एक प्रामाणिक वाक्य आहे : दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्त दिसले तर गर्भ टिकत नाही, कारण त्यात अजून सार आलेले नसते. हे निरीक्षण कुणा अनुभवी सुईणीचेच असणार, असे आम्हाला वाटते. पत्रकवाल्याने नेमके हेच वाक्य गाळले होते.

आता वाग्भटाच्या अष्टांगहृदयातली निषेधांची यादी पाहा. वाग्भटावर बौद्ध विचाराची छाया आहे असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणून त्याला सूट देण्याचे कारण नाही. तो सांगतो, गर्भिणीने अतिश्रम करू नयेत, ओझे वाहू नये, फार चालू नये, अवेळी जागू नये, कठीण जागी उकिडवे बसू नये, उपवास करू नये, शोक आणि भय टाळावे, मलमूत्राचे वेग दाबू नयेत, तांबडे वस्त्र नेसू नये, खड्ड्यात किंवा विहिरीत डोकावू नये.

ही यादी एकदा सावकाश वाचा आणि शेतात खुरपणाऱ्या बाईला डोळ्यांपुढे आणा. खुरपणी होते उकिडवे बसून. सरपणाची मोळी डोक्यावर येते. पाण्यासाठी कोसभर चालावे लागते. वस्तीत संडास नाही म्हणून अंधार पडेपर्यंत वेग दाबावा लागतो. उपाशी राहणे हे व्रत नसते, घरात पीठ नसते. तांबडे वस्त्र सोडले तर जवळपास सगळी यादी ही कष्टकरी बाईच्या एका दिवसाची दिनचर्या आहे. विहिरीचे तर विचारूच नका. जिला विहिरीच्या काठावर चढू दिले जात नव्हते आणि वरून कुणी ओंजळीत पाणी घालील म्हणून जी ताटकळत उभी राहत होती, तिला विहिरीत डोकावू नकोस म्हणून बजावणारा वैद्य कोणत्या घरी जात असेल?

तो कोणत्या घरी जात होता याचे उत्तर ग्रंथातच आहे. सुश्रुताने सूतिकागार कसे बांधावे ते सांगितले आहे. आठ हात लांब, चार हात रुंद, दार पूर्वेला किंवा दक्षिणेला. जमीन ब्राह्मणीसाठी पांढरी, क्षत्रिय स्त्रीसाठी तांबडी, वैश्य स्त्रीसाठी पिवळी, शूद्र स्त्रीसाठी काळी. पलंगाचे लाकूडही त्याच क्रमाने : बेल, वड, टेंभुर्णी आणि बिब्बा. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. तो पलंग शूद्र बाळंतिणीच्या वाट्याला. चरकसंहितेत पुत्रप्राप्तीच्या विधीत शूद्र स्त्रीने फक्त नमस्कार करावा असे सांगितले आहे. बाळाला पाजणारी दाईसुद्धा समान वर्णाची हवी. चार वर्णांचा हिशोब असा चोख आहे. वर्णाबाहेरच्या बाईसाठी मातीचा रंगही नाही आणि लाकूडही नाही. तिचा गर्भ वैद्यकाच्या नकाशावर नाहीच.

कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. ठीक आहे, तो काळ पुढे किती लांबला ते पाहू. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे किती हाल होतात, आणि त्यात काही रोग जडला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा, असे त्या पोरीने विचारले आहे. गर्भिणी परिचर्येवरचे मराठीतले आम्हाला ठाऊक असलेले सर्वांत खरे लिखाण हेच. आणि गंमत पाहा, गावातल्या उच्चवर्णीयांची बाळंतपणे करायला सुईण म्हणून अनेक ठिकाणी याच मातंग बाया जात. नाळ कापायची त्यांनी, विटाळ धुवायचा त्यांनी. चरकाच्या सूतिकागारात अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, जाणत्या बाया हव्यात असे म्हटले आहे आणि सोबत अथर्ववेद जाणणारे ब्राह्मण. त्या जाणत्या बायांचे ज्ञान ग्रंथात गेले, नाव मात्र कुणाचेच गेले नाही.

आता ताईच्या प्रश्नाकडे येतो. या ग्रंथांनी गर्भाच्या जवळपास प्रत्येक दोषाला आईच्या वागण्यात कारण शोधले. उताणी झोपली तर नाळ बाळाच्या गळ्याभोवती पडते. उघड्यावर झोपली, रात्री हिंडली तर मूल वेडे होते. भांडखोर असली तर अपस्मारी होते. डोहाळे पुरवले नाहीत तर कुबडे, लंगडे, ठेंगू होते. शेवटच्या नियमाने निदान घरच्यांना बाईच्या तोंडी चार घास घालायला भाग पाडले असेल, हे मान्य. पण मूल अपंग झाले की बोट आईकडेच जाते. आजचे विज्ञान सांगते की पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. त्यात बाईने काय खाल्ले, कुठे डोकावली, कुणाशी भांडली याचा संबंध नाही. ताईला आम्ही हेच सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

ॲलोपॅथीने हा गुन्हा केलाच नाही असे आम्ही म्हणत नाही. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम संप्रेरक लाखो बायांना दिले गेले. १९५३ साली शिकागोत दीड हजारांहून अधिक बायांवर रीतसर चाचणी झाली आणि त्याचा काही उपयोग नाही असे दिसले. तरी ते चालूच राहिले. १९७१ साली या बायांच्या मुलींमध्ये योनीचा दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा कुठे गर्भिणींना ते देऊ नये असा इशारा निघाला. फरक इतकाच की तिथे चाचणी होऊ शकली आणि चूक छापली गेली. ज्या ग्रंथाला ऋषीचे नाव लागते त्याची चाचणी करायची म्हटले की भावना दुखावतात. आपल्याकडेही हा धोका आहे. प्रसूतीत अडलेल्या बाईसाठी अंगुलिमालाने केलेल्या सत्यवचनाची कथा मज्झिम निकायात आहे आणि थेरवादी देशांत गर्भिणींसाठी ते परित्त म्हणतात. मनाला धीर म्हणून जरूर म्हणावे. ते म्हणून दवाखान्याची वाट चुकवू नये.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कुठे नेऊन ठेवला ते आता पाहा. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, पण बायांच्या श्रमातून मालकाला फायदा होतो म्हणून त्यालाही जबाबदारी टाळता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला. काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्याची उपमा हजार वर्षे होतीच, पण भांडे वाहणाऱ्या बाईची मजुरी कोण देणार हा प्रश्न त्या उपमेत नव्हता. तो इथे विचारला गेला.

हा इतिहास सरळ रेषेत जात नाही, हेही लपवू नये. १९४३ साली युद्धासाठी कोळसा हवा म्हणून सरकारने बायांना खाणीत भूमिगत काम करायला असलेली बंदी उठवली. मजूरमंत्री बाबासाहेबच होते आणि १९४४ च्या फेब्रुवारीत त्यांनी सभागृहात या निर्णयाचे समर्थन केले. पुरुषाइतकीच मजुरी देण्याची अट घातली आहे, हा त्यातला त्यांचा मोठा मुद्दा होता. बंदी १९४६ साली परत आली. आम्हाला तो निर्णय आजही खुपतो. समान मजुरीचे तत्त्व मोलाचे खरे, पण जमिनीखाली गेलेल्या गर्भिणीचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न आज बीडच्या ऊसतोड बाईपाशी येऊन थांबला आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर दंड. गर्भिणी असली तरी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, मग तो रात्री दोन वाजता येवो. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारखान्याच्या हजेरीपटावर या बाईचे नाव नसते, तो मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम नवऱ्याकडे. मग प्रसूतीची पगारी रजा तिने कोणाकडे मागायची?

ताईला यंदा पुन्हा दिवस गेले आहेत. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवले, रक्त तपासले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जड उचलू नका. चारपैकी तीन घरच्या मालकिणींना आम्ही भेटलो. दोघींनी पाण्याच्या बादल्या स्वतः भरून ठेवायचे कबूल केले. तिसरी म्हणाली, जमत नसेल तर दुसरी बाई बघते. चौथ्या घरी या रविवारी जायचे आहे.