ठिणगी : आधी आवाज, मग आजार

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. पावसाळ्यात तो बातम्यांच्या मध्येच चट्‌ चट्‌ आवाज करी आणि जळका वास सोडी. अब्बा वरून एक चापट मारत, तो दोन दिवस नीट चाले. शेवटी दुरुस्तीवाले चाचा आले. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला, दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या, दिवा मालवला आणि काळोखात डोळे लावून बसले. मला वाटलं, हे काही मंत्रतंत्र असावं. थोड्या वेळाने आत कुठेतरी निळसर टिंब चमकलं. चाचा म्हणाले, "दिसली. आता ही इथं का उडते ते बघायचं."

मी बी.ए. झालो तो भाषा घेऊन. विजेचं मला कळतं ते ऐकून-वाचून. पण ते निळं टिंब डोक्यातून गेलं नाही, आणि पुढे रेडिओचा इतिहास वाचताना एक गंमत लक्षात आली. ज्या ठिणगीला चाचा रोग म्हणून शोधत होते, तीच ठिणगी एके काळी रेडिओचा गळा होती.

हाइनरिश हर्ट्‌झने १८८७ साली जर्मनीत कार्ल्सरूहे इथे दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडली, तेव्हा काही अंतरावरच्या तारेच्या कड्यातल्या फटीतही बारीकशी ठिणगी उडाली. मधे तार नव्हती. मार्कोनीने यावरच आपला उद्योग उभारला. ठिणगी थोडा वेळ पाडली की टिंब, जास्त वेळ पाडली की रेघ. जहाजांवरून असेच संदेश जात. यंत्राचा कडकडाट एवढा असे की ‘टायटॅनिक’वर प्रेषक वेगळ्या खोलीत, आवाज बाहेर जाऊ नये अशा भिंतींआड ठेवला होता. त्या खोलीला नाव होतं ‘शांत खोली’!

‘टायटॅनिक’ची सगळी कथा मी सांगत नाही, चित्रपटाने ती घरोघर नेली आहे. पण तिच्यात एक दुरुस्ती आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एप्रिल १९१२. जहाजावर मार्कोनी कंपनीचे दोन तरुण, जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड. अपघाताच्या आदल्या रात्री त्यांचा पाच किलोवॉटचा प्रेषक बंद पडला. फिलिप्सला वाटलं, कंडेन्सर गेले. ते तपासण्यात वेळ गेला. खरा दोष निघाला दुसरीकडेच. ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या तारांवरचं आवरण पेटीच्या आत जळलं होतं. उघड्या तारा लाकडी चौकट धरून ठेवणाऱ्या लोखंडी बोल्टांना टेकत होत्या आणि वीज जमिनीत मुरावी तशी जहाजाच्या लोखंडात मुरत होती. दोघांनी तारांवर रबरी पट्टी गुंडाळली आणि यंत्र पुन्हा बोलू लागलं. जवळजवळ सहा तास गेले. हे ब्राइडने स्वतः कंपनीला लिहून कळवलं आहे.

त्या सहा तासांचा हिशेब मांडायला गेलं की मन अडखळतं. यंत्र दुरुस्त झालं म्हणून दुसऱ्या रात्री पूर्ण ताकदीने हाक गेली आणि सुमारे ५८ मैलांवरच्या ‘कार्पेथिया’ने ती ऐकली. तिचा वायरलेसवाला झोपायच्या तयारीत होता. सातशेहून अधिक माणसं वाचली. पण यंत्र बंद होतं तेवढ्या वेळात प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीगही साचला होता. फिलिप्स तो उपसत असताना, रात्री अकराच्या सुमारास, ‘कॅलिफोर्नियन’ या कितीतरी जवळच्या जहाजाने बर्फाची खबर द्यायला सुरुवात केली. फिलिप्सने वैतागून त्याला गप्प केलं. कामात होता बिचारा. ‘कॅलिफोर्नियन’च्या वायरलेसवाल्याने साडेअकरानंतर यंत्र बंद केलं आणि तो झोपला. अकरा चाळीसला ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळलं. जळलेल्या तारेच्या एका तुकड्याने एक हाक पोचवण्याची वेळ आणली आणि दुसरी ऐकणारा कान बंद केला. फिलिप्स बुडाला. ब्राइड वाचला आणि जखमी पायांनी ‘कार्पेथिया’वर जाऊन तिथेही संदेश पाठवत बसला.

ठिणगीचं राज्य त्यानंतर फार टिकलं नाही. तिचा दुर्गुण असा की ती बाजारात ढोल बडवल्यासारखी सगळीकडे ऐकू येते, शेजारच्याला बोलूच देत नाही. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी रेडिओवाल्यांना २०० मीटरखालच्या लहरींत हाकललं. तेव्हा ती जागा निरुपयोगी समजली जाई. याच मंडळींनी व्हॉल्व्ह वापरून नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात अटलांटिकपार दुतर्फा संभाषण करून दाखवलं. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने ठिणगीचे प्रेषक टप्प्याटप्प्याने मोडीत काढायचं ठरवलं. व्हॉल्व्हच्या काचेतून हवा काढलेली असते, म्हणून ठिणगीलाही तिथे थारा नाही. निदान नसावा.

आता अमेरिकेतल्या एका जुन्या यंत्राकडे येतो. मिशिगनमधल्या बेंटन हार्बरच्या हीथ कंपनीने १९७० च्या सुमारास ‘एसबी-२२०’ हा हौशी लोकांसाठीचा अॅम्प्लिफायर आणला. तो तयार मिळत नसे. सुटे भाग आणि एक पुस्तक यायचं, जोडायचं आपलं आपण. त्यामुळे प्रत्येक यंत्रात कुणाचं तरी हस्ताक्षर असतं, आणि क्वचित चुकलेली वेलांटीही. आत ‘३-५००झेड’ जातीचे दोन व्हॉल्व्ह, त्यांना सुमारे ३००० व्होल्ट. कोरड्या हवेत एवढा दाब जेमतेम एक मिलिमीटर उडी मारतो. पण धूळ, दमट हवा किंवा पत्र्याची एखादी टोकदार कड मिळाली की उडी लांबते. हौशी मंडळींनी ही यंत्रं कित्येक दशकं जपली आहेत, म्हणून त्यांची दुखणी ठाऊक झाली आहेत. पहिलं दुखणं हे चटचटणं.

ट्यूनिंग कंडेन्सरच्या पात्यांत निळी ठिणगी दिसली की नवखा माणूस कंडेन्सर बदलायला धावतो. फिलिप्सचीही पहिली शंका कंडेन्सरवरच होती. पुष्कळदा दोष बाहेर असतो. अँटेनाची केबल निसटलेली, रिले थकलेला, नाहीतर लोडिंगचं बटण चुकीच्या जागी. तयार झालेल्या शक्तीला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आत दाब चढतो आणि सर्वांत अरुंद फटीतून ती फुटते. आधी वाट मोकळी करायची. मग पात्यांवरचे जळके खडबडे बारीक पॉलिश कागदाने घासायचे, वाकलेलं पातं सरळ करायचं, धूळ आणि काजळीचा माग स्पिरिटने पुसायचा. काजळी वीज वाहते, ती राहिली तर ठिणगी त्याच पायवाटेने परत येते.

काचेच्या आत धडाका झाला तर मामला वेगळा. धातू वर्षानुवर्षे कणाकणाने वायू सोडतो. या व्हॉल्व्हच्या अॅनोडवर झिर्कोनियमचा लेप असतो. अॅनोड तापून लाल झाला की लेप तो वायू शोषून घेतो. म्हणून वर्षानुवर्षं खोक्यात जपलेला कोरा व्हॉल्व्ह कधी कधी वापरातल्या व्हॉल्व्हपेक्षा जास्त दगा देतो. अमेरिकन हौशी मासिकांत १९९० च्या आसपास यावर मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणे, हे शंभर मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या नकोशा कंपनांचं काम. दुसरा म्हणे, साधा वायू. आमच्या साहित्यातले वाद यापेक्षा गोड असतात असं म्हणवत नाही. मला दुसरा पक्ष पटतो, पण माझ्या मताला तिथे कोण विचारतो?

एक गोष्ट मात्र वादातीत. या यंत्रात २०० मायक्रोफॅरडचे आठ कंडेन्सर एकापुढे एक जोडलेले आहेत. त्यांत साठलेली ऊर्जा ११० ज्यूलच्या वर जाते. प्लग काढला तरी ती लगेच जात नाही. झाकण उघडताच ती जमिनीला देणारी पट्टी कारखान्यानेच बसवली आहे, पण अर्धशतक जुन्या पट्टीवर जीव टाकू नये. जाणता माणूस थांबतो, मीटर शून्यावर येऊ देतो, रोधक लावलेल्या दांडीने उरलीसुरली वीज काढतो, आणि हे करताना एक हात खिशात ठेवतो, म्हणजे धक्का बसलाच तर वीज या हातातून त्या हातात, छातीवरून जाणार नाही. घाईला इथे क्षमा नाही.

दुरुस्ती झाली की झाकण लावायचं, खोलीतला दिवा मालवायचा, दाब हळूहळू वाढवायचा आणि कान देऊन बसायचं. चट्‌ नाही, वास नाही. काहीच ऐकू आलं नाही की मग तो माणूस मोर्सची कळ पुढे ओढतो आणि कुणीही ऐकत असेल त्याच्यासाठी हाक देतो : सी क्यू. त्या रात्री फिलिप्सने पहिली हाक दिली ती सी क्यू डी होती.